ओत्रा बेस

पाच कंदिलाजवळच्या दुकानातून
प्रल्हादभाऊनं आणला तो जुना कॉम्प्युटर,
सहा हजारात, माइकसकट.
माइकच्या मानेला रबरबँड.
आधीच्या मालकानं सगळं पुसलं होतं,
एक बेडूक तेवढा आत राहून गेला होता.

इंग्रजी बोलायला शिकवणारा बेडूक,
पण शिकवायचा तो स्पॅनिश लोकांना.
सूचना सगळ्या त्यांच्या भाषेत,
उलटं प्रश्नचिन्ह आधी, मग प्रश्न.
मला कळलं ते एवढंच :
पडद्यावर शब्द येतो, आपण तो म्हणायचा,
बरोबर आला तर बेडूक पुढच्या दगडावर,
चुकला तर पाण्यात.
आणि पाण्यातून डोकं काढून म्हणायचा,
ओत्रा बेस.

बेस!
मी बारावी नापास, देवपुरातली,
मला आजवर कुणी बेस म्हटलं नव्हतं.
नववीत ठोसर सरांनी बाकावर उभं करून
म्हणायला लावलं होतं, बाळ.
मी म्हटलं, बाय.
केळी म्हण. केयी.
राहतेस कुठं? धुये.
वर्ग हसला, सरही हसले,
पट्टी नाही मारली, त्यातल्या त्यात.

शिप म्हण, शीप म्हण.
जहाज मी पाहिलेलं नाही.
मेंढ्या पाहिल्यात, पांझरेच्या पुलावर
रस्ता अडवून चाललेल्या.
मी दोन्हीला मेंढीच म्हणायचे.
बेडूक पडायचा. बेस म्हणायचा.
व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर,
हे त्यानं चित्र काढून दाखवलं :
एक तोंड, उभं चिरलेलं,
आत जीभ, गुलाबी, आळशी.

माय बाजूला शाळेचे गणवेश शिवायची.
मशीन धडधडलं की माइक ते ऐकायचा
आणि बेडूक बिचारा पटापट बुडायचा.
एकदा पडद्यावर 'की' आला, किल्लीचा.
मी ओठ ताणून ताणून थकले,
माय मागून म्हणाली, "केयी खाई ले वं."
बेडकानं टुणकन उडी मारली.
मायला मी सांगितलं नाही,
तिला वाटलं असतं, थट्टा करते.

'स्कूल' मात्र कधीच जमला नाही.
'स'च्या आधी एक 'इ' येऊन बसायची,
पाहुण्याच्या आधी त्याचं पोरगं घरात शिरतं तशी.
आमचं घरच इस्कूलच्या शर्टांवर चालायचं.
चाळीस वेळा म्हटलं,
चाळीस वेळा बेस.

चार वर्षांनी साक्रीकडे, सोलरच्या साइटवर,
मी गेटवर नोंदी लिहायचे.
तिथं एक इंजिनियर आला, होआकिन नावाचा,
उन्हानं सोललेलं नाक.
म्हणाला, मॅडम, एस्टँप.
त्याची 'इ' नव्हती, 'ए' होती,
पण बसली होती त्याच जागी.
गाव विचारलं तर सेबिया.
कागदावर बघते तर दोन एल.
एल लिहिता आणि य म्हणता?
हो, का?
काही नाही, म्हटलं, मी धुयानी शे.

मग हळूच विचारलं, ओत्रा बेस म्हणजे काय.
चहाचा कप खाली न ठेवता तो म्हणाला,
पुन्हा.
पुन्हा एकदा.

म्हणजे अख्खा उन्हाळा तो बेडूक
मला चुकलीस म्हणत होता
आणि मी तोंड धुऊन परत बसत होते.
हसू आलं. थोडं वाईटही.
त्या गडबडीत रजिस्टरात होआकिनची वेळ
चुकीची पडली, खोडून परत लिहिली.

घरी आले तर माय सुईत दोरा ओवत होती,
तिसऱ्यांदा तुटलेला.
मी म्हटलं, ओत्रा बेस.
चष्म्यावरून बघत ती म्हणाली,
"दोरा तुटना, त्यामा काय बेस?"
आणि टोक ओलं करायला
दोरा तोंडात धरला,
वरचे दात खालच्या ओठावर.