हेरंबच्या फोटोंना उत्तर

फोटो पोचले.
पिवळ्या दगडाचा कोट, त्याला खेटून समुद्र,
कमानीखाली कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल,
आणि तो घुमट.
दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.
पालथा हंडाच की रे!
पण ठोके कुठं दिसेनात.
बिनठोक्याच्या भांड्यावर माझा विश्वास नाही,
तुला ठाऊकच आहे.

तू लिहितोस, इथं भिंतीला हात लावला
की बोटांना मीठ लागतं.
लागत असेल.
आपल्या तांबट आळीत काजळी लागते,
तीही आता कमी.
सकाळी दहाला तीन हातोडे वाजतात,
चौथ्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

काल घाटावर उतरलो.
नारोशंकराच्या काळ्या दगडाला ऊन लागलं होतं,
भट्टीतून नुकत्या काढलेल्या पत्र्यासारखा
कडेकडेनं लाल.
तुमचा समुद्र रोज येतो, रोज जातो,
पाळीवरच्या कामगारासारखा.
गोदा तशी नाही.
ती येते तेव्हा दुकानात शिरून माल बघून जाते.
आणि आपण तिला फुटांत मोजत नाही,
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो :
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं.
तू झालास त्या रात्री छातीशी होतं.
तुझ्या आईनं शुद्धीवर येताच आधी ते विचारलं,
मग मुलगा की मुलगी.

दिवाळीत भाच्यानं पांडवलेण्यांवर नेलं.
दर वीस पायऱ्यांना बसलो.
एका लेण्यात ओसरीवर अक्षरं आहेत,
मला कुठली वाचता येतात,
तिथल्या पोरानं सांगितलं :
कुणी यवन होता, उत्तरेकडून आलेला,
त्यानं आईबापांच्या नावे डोंगर कोरला,
शेजारी पाण्याची पोढी खोदली.
आतलं काम अर्धंच राहिलंय.
पैसे संपले असतील,
किंवा कारागीर दुसऱ्या कामावर गेले असतील, जातातच.
मी छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवला.
एकेक ठोका जागच्या जागी.
एवढ्या लांबच्या माणसाचे आईबाप
इथं कधी आले असतील का,
हे त्या पोराला विचारायचं राहिलं.

पोढीत पाणी होतं. हिरवट, पण होतं.

गुडघ्याला तेल लावतो आहे, काळजी नको.
पुढच्या वेळी त्या घुमटाचा फोटो
आतून काढ.
बाहेरून घासून घेतात लोक.