आढळले नाही

दिंडोरी रस्त्यावरच्या पॅकहाउसात माझं काम सहीचं.
लॅबचा कागद येतो,
डावीकडे फवारलेल्या औषधांची नावं,
उजवीकडे वरून खालपर्यंत एकच,
आढळले नाही
आढळले नाही
आढळले नाही.
मी वाचतो, सही करतो. कंटेनरचं दार लागतं, सील पडतं,
आणि तिकडे रॉटरडॅमला कुणाचं तरी पोर
न धुताच घडाला तोंड लावत असेल
माझ्या सहीच्या भरवशावर.

सात हंगाम झाले. एकदाही म्हटलं नाही, पुन्हा तपासा.

माझा स्वतःचा कागद पाकिटात आहे, आधार कार्डामागे,
घडीवर फाटत आलेला. नॉन-रिॲक्टिव्ह.
पहिला सातपूरचा.
दुसरा जेलरोडचा, तिथे मी नाव सांगितलं रमाकांत,
आणि मग वाटलं, हा रमाकांतचाच आला असेल.
तिसरा द्वारकेचा.
सुई टोचताना तिथल्या पोराने जांभई दिली,
म्हणून तो धरलाच नाही.

एक रात्र होती, उरणची. माल बंदरात अडकलेला.
फाटलं, एवढंच सांगतो.
तिचं नाव मी विचारलं नव्हतं.
आता रोज विचारावंसं वाटतं.

तेव्हापासून मोजतोय. पंचेचाळीस दिवस. नव्वद. एकशे सदतीस.
हेमलता झोपली की मोबाइलचा टॉर्च लावून
न्हाणीतल्या आरशात जीभ बघतो,
जबड्याखाली बोटं फिरवतो
घडातला मणी चाचपावा तशी.
सोळाच्या रिंगमधून जाईल? की अठराच्या?
काल एवढा होता का?

पाठ धरलीय सांगून गच्चीवर झोपतो,
जानेवारीत, दव पडत असताना.
ती वर येऊन बाम चोळून जाते
न दुखणाऱ्या पाठीला.

चौथ्यांदा सिव्हिलला गेलो. खऱ्या नावाने.
गांगुर्डे मॅडमनी तारखा विचारल्या, बोटांवर मोजल्या,
म्हणाल्या, तीन महिने केव्हाच उलटले.
त्यानंतर काही घडलेलं नाही ना? नाही.
मग झालं. या कागदाला पुढचं पान नसतं.
मी म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झाली तर?
किट जुनं असलं तर?
माझंच रक्त उशिरा बोलणारं असलं तर?
फाइलची नाडी बांधता बांधता त्या थांबल्या,
दादा, काय लिहून देऊ म्हणजे घरी जाल?

मला सुचलं नाही.

बाहेर बाकावर ओझरच्या एक बाई,
मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गोळ्यांच्या बाटल्या.
बारा वर्षं झाली, म्हणाल्या, मी न विचारता.
मोठी दहावीला आहे, गणित कच्चं.
मग वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पेरूच्या फोडी, तिखटमीठ.
घ्या.
मला सगळं पाठ आहे. पेरूने होत नाही,
भांड्याने नाही, शेजारी बसल्याने नाही.
तरी हात मांडीवरून उठला नाही.
त्यांच्या लक्षात आलं असणार.
फोड तशीच पुढे धरून त्या
खिडकीतल्या नळाकडे बघत राहिल्या.

घेतली.
एक बी दाढेत अडकली, ती शालिमारपर्यंत निघाली नाही,
तेवढा वेळ जिभेला दुसरं काम नव्हतं.

आज नऊ कंटेनर सुटले. नऊ सह्या.
रात्री गादी गुंडाळून खाली आणली.
हेमलता काही न विचारता भिंतीकडे सरकली.
मग अंधारातून म्हणाली, पाठ?
उरणचं तिला सांगितलेलं नाही.
ते कुठल्या नळीत उतरलं नसतं,
चारही कागदांवर ते नाही.
तिने बामची डबी उघडली.
नको म्हणणार होतो,
पण गच्चीवरच्या थंडीने आता
पाठ खरंच दुखते.