नाकावरची तार

लकडगंजात सकाळी आठला
पत्र्याची शेड गार असते.
डिसेंबरात तर हातोड्याचा दांडाही अंग चोरतो.
मी मास्क चढवते, त्यावर चष्मा,
आणि पहिला श्वास सोडला
की समोरची सागाची फळी गायब.
सँडरचा आवाज तेवढा उरतो,
आणि माझे हात, तिकडे कुठेतरी,
दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे.

पुसायला चष्मा वर करावा
तर डोळ्यात सागाचं पीठ.
न पुसावा तर बोट पट्ट्याखाली.
डोळा की बोट,
कामाला लागताना आधी हे ठरवायचं.

उपाय सगळ्यांकडे असतात.
दुर्गा नंदनवार म्हणाली, थुंक काचेवर.
थुंकले. दहा मिनिटं बरी गेली.
पॉलिशवाला रज्जाक म्हणाला, टूथपेस्ट.
काचेला बारीक चरे पडले,
अजून ट्यूबलाइटला केस फुटल्यासारखे दिसतात.
कोणी म्हणालं, बटाटा घास.
म्हटलं, बटाटा असला तर भाजी करीन ना बाप्पा.
शेठच्या पोरानं
भारीतल्या चष्म्याची किंमत दाखवली मोबाइलवर,
मग मोबाइल खिशात ठेवला.

झिबलकाका सोनकुसऱ्यांचा चष्मा मात्र
कधी म्हणजे कधी धुकटला नाही.
तीस वर्षं करवतीवर.
विचारलं, काका, काय लावता?
म्हणाले, काही नाही पोरी,
श्वास जपून घेतो.
मला वाटलं, असेल बाई काही साधना.
दोन दिवस मीही श्वास रोखून फळ्या घासल्या,
तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन
थप्पीवरच बसले.

मग एका दुपारी
डबा खाऊन काका भिंतीला टेकले,
डोळे मिटलेले, चष्मा तसाच नाकावर.
एक माशी आली.
काचेवर बसेल असं वाटलं.
ती काचेतून आत गेली
आणि पापणीवर बसली.

काच नव्हतीच.
नुसती फ्रेम, दोरीनं कानामागे बांधलेली.
काका जागे झाले, माझ्याकडे पाहिलं,
माझं तोंड उघडंच.
"सुपरवायझर दारातूनच पाहते ना पोरी,
त्याले फ्रेम दिसते, मले लाकूड दिसते."
आणि हसले.
डाव्या डोळ्यातून पाणी आलं.
ते हसण्याचं आहे
असं मी दोन वर्षं समजत होते.

माझी नणंद मेयोत वॉर्डात झाडू-पोछा करते.
तिनं नर्सांचं पाहून ठेवलेलं:
भांड्याच्या साबणाचा एकच थेंब,
बोटानं काचेवर फिरवायचा, धुवायचा नाही,
मऊ कापडानं दिसेनासा होईस्तोवर घोळायचा.
मास्कची तार नाकावर दाबायची,
दोन बोटांनी, नाकाचा आकार येईपर्यंत.
वरच्या कडेला कागदी चिकटपट्टी.
वाफेला वरची वाट बंद केली
की ती जाते आपली खालून.
बस, एवढंच.
ह्यापायी मी बटाट्यापर्यंत जाऊन आले होते.

सोमवारी मी दोन चष्मे आणले, साबण लावून.
काका म्हणाले, काहून एवढा खटाटोप.
मी ऐकलं नाही.
त्यांच्या नाकावर तार दाबली
तशी मान मागे घेतली त्यांनी,
लाजल्यासारखी,
न्हाव्याशिवाय कोणी त्या चेहऱ्याला
हात लावला नसावा कित्येक वर्षांत.
चिकटपट्टी गालावर घोटून बसवली.
म्हटलं, सोडा श्वास.
सोडला.
पुन्हा सोडा.

काच स्वच्छ.

करवत अजून सुरू व्हायची होती.
पत्र्याच्या भोकातून ऊन तिरपं उतरलेलं,
आणि त्या उन्हात
शनिवारचं लाकूड अजून तरंगत होतं.
काका बघत राहिले.
डोळे आपोआप बारीक झाले, सवयीनं,
मग हळूहळू मोठे.

"दिसून राहिलं," म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले,
"एवढी असते काय व?"