उजव्या दाराची कड

ओरियानो आधी माझे हात बघतो, मग गाडी.
अंगठी काढ. घड्याळ काढ.
पट्ट्याचं बक्कल नको, शर्ट बाहेर सोड.
आईनं कुमासीहून आणलेली गळ्यातली साखळी
मेणाच्या रिकाम्या डब्यात, वर झाकण.
"आता जा जवळ."

बाहेर मोदेनाचं नोव्हेंबरी धुकं
शटरच्या फटीत नाक खुपसून.
आत बारा सिलिंडर, गप्प.
हिरवा रंग, इतका गडद
की दिवा नसेल तर काळाच म्हणावा.
सिन्योरा बेर्तोलानींना वसंतात ती विकायची आहे.
"आरशासारखी करा," म्हणाल्या आणि गेल्या.
आरसा हा शब्द ऐकला की ओरियानोचं तोंड
कच्चं मनुक चावल्यासारखं होतं.

दोन बादल्या. एक साबणाची, एक पापाची,
हे त्याचंच नाव.
पापाच्या तळाशी जाळी,
खाली बसलेली वाळू पुन्हा वर येऊ नये म्हणून.
छतापासून खाली, सरळ रेघेत.
गोल गोल घासतात ती भांडी.

फडकं जमिनीवर पडलं की ते चाकांचं झालं.
झटकलं तरी चाकांचंच.
पहिल्या आठवड्यात मी उचलून फुंकर मारली होती.
त्यानं ते माझ्या हातातून घेतलं,
कात्रीनं दोन तुकडे केले
आणि कॉफी करायला गेला.

बोटांवर पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून हात नेला
तर डोळ्याला न दिसणारं खरखरत होतं.
मातीची वडी, भरपूर पाणी, अजिबात जोर नाही.
मग तिरपा दिवा.
बॉनेटभर जाळीच जाळी,
कोळ्यांनी रात्रपाळी केल्यासारखी.
कुणीतरी वर्षानुवर्षं पुसत होतं तिला,
मायेनं, पण कोरड्या फडक्यानं.

आणि मीटर. त्याच्या मापात पाप नसतं.
छत, एकशे पंधरा मायक्रॉन.
बॉनेट, एकशे आठ, एकशे दहा.
मी वाचते, तो टेपवर लिहितो.
उजवं दार, एकशे चार.
नव्वद.
हँडलच्या वर, कडेला,
एक्केचाळीस.

मी पुन्हा टेकवते.
एक्केचाळीस.

तो पेन्सिल कानामागे खोचतो.
बोट त्या कडेवरून नेतो, न टेकवता.
"शहाऐंशी साल. सव्वीस वर्षांचा होतो.
मशीन नवं, पॅड लोकरीचं,
आणि समोरच्या बेकरीतली ओर्नेल्ला दारात उभी."
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते
कडेवर किती सेकंदात होतं?
"तीन," तो म्हणतो. "वास आला तेव्हा थांबलो."

मग ओर्नेल्ला?
"ती पाव घेऊन आली होती. देऊन गेली."

धुकं जरा आत आलंय. तो शटर खाली ओढतो.
"तुला वाटतं आपण चकाकी लावतो.
आपण रंग काढतो, अद्वोआ.
जो उरतो तो सपाट असला की लोक त्याला चकाकी म्हणतात."

त्याच कडेखाली एक चरा आहे.
नखाला लागतो, म्हणजे खोल.
सिन्योरा नक्की विचारतील.
तो निळी टेप काढतो, एक पट्टी, तिच्यावर दुसरी,
चऱ्यासकट सगळी कड झाकून टाकतो.
"इथे नाही."
त्यांना सांगणार?
"सांगेन. बिल द्यायच्या आधी."

मग बॉनेट माझं.
वीतभर चौकोन, मऊ पॅड, मशीनचं स्वतःचं वजन पुरे.
दर चौकोनानंतर मनगटाची मागची बाजू पत्र्याला लावायची,
ताप बघतात तशी.
कोमट चालेल. गरम झालं की थांब.
दुपारपर्यंत दोन हात फिरले आणि जाळी विरली,
सगळी नाही. बरीचशी.
तिसरा हात मागितला मी.
तो पेन्सिलीनं डोकं खाजवत राहिला.
नाहीच म्हणाला.

संध्याकाळी ग्लव्हबॉक्समध्ये ठेवायला कार्ड दिलं.
लिही: उजवं दार, वरची कड, एक्केचाळीस.
पॉलिश करू नये.
कुणी केलं, तेही लिहू?
"लिही. स्पेलिंग नीट लिही."

साखळी गळ्यात घातली.
आठवडाभर तिला मेणाचा वास येत राहिला.
आई म्हणाली, चर्चमध्ये तरी
धुऊन घालून ये.