ऐंशी पैसे

व्यंकट, त्या दिवाळीला
उदगीरचा सगळा मोंढा निजला होता
आणि आपण दोघं
ऐंशी पैसे शोधत बसलो होतो.

कीर्द जुळेना. खतावणी तीनदा उलटली.
तूर, करडई, हमाली, तोलाई,
सुतळीच्या गड्डीचेसुद्धा पुन्हा मांडले.
तू सतरा वर्षांचा, डोळे तांबारलेले.
म्हणालास, ‘आप्पा, माझ्या खिशातून टाकतो की.
निजू द्या.’
शेटजी गादीवरूनच बोलले,
खिशातून पैसे जुळतात रे, हिशोब जुळत नाही.

पहाटे सापडलं.
देवणीच्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर
तुझ्याच हातचा नऊ,
जो एकासारखा दिसत होता.

परवा तुझं ‘होय’ ऐकलं.
नातवानं फोनवर सभागृह लावून दिलं होतं.
पुरवणी मागण्यांचं जाडजूड पुस्तक,
तुझ्यापुढच्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.
वरून विचारणा झाली,
खालून आवाज आला, होय.
पुन्हा विचारणा. पुन्हा होय.
माझा चहा निवला नाही तोवर
इतके कोटी निघून गेले
की शून्यं मोजायला मला बोट लावावं लागलं.

मी मुनीम माणूस. एवढंच कळतं:
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
आणि उजवी डावीला ओलांडून गेली
की दुकानात रात्रभर दिवा जळतो.
तुमच्यात तेलही उसनं आणतात,
व्याज पुढच्या पानावर ढकलतात.
पुढचं पान अजून शाळेत जातंय, व्यंकट,
सकाळी त्याच्या दप्तराचा बंद मीच शिवून दिला.

गल्लीत ये एकदा.
रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर रस्ता.
माझा उंबरा दीड वीत खाली गेला,
गटार न विचारता आत येतं.
वेशीची कमान पाडून नवी बांधली.
जुनीला काय झालं होतं, कुणी विचारलं नाही;
विचारणाऱ्यांची नावं नवीवर कोरलेली होती.
उघड्या व्यायामशाळेच्या दांड्यांवर
कलावतीबाईंच्या कुरडया वाळतात.
तेवढं मी जमेला धरलं.

खोटं कशाला बोलू,
हिचा मोतीबिंदू सरकारी योजनेतच निघाला.
पट्टी सोडल्यावर पहिला दिसला
भिंतीवरचा तुझा हसरा फोटो.
तेही जमेला लिहिलं. तुझ्या नावानं नाही पण.
ज्यांनी भरला त्यांच्या नावानं,
आगपेटी घेणाऱ्या म्हातारीच्यासुद्धा.

मग तू आलास. गाड्या गल्लीत मावेनात.
पाया पडलास. मी म्हटलं,
‘हो म्हणायच्या आधी वाचलं होतंस का रे?’
हसलास, तेच सतरा वर्षांचं हसू.
‘आप्पा, तिथं कुणी वाचत नसतेत.
प्रतोदाकडं बघायचं अन् होय म्हणायचं.
अन् मी एकटा नाही म्हणालो
तर आपल्या उदगीरला काय येईल?’

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

रात्री लाल वही काढली,
तुझ्या नावाचं खातं उघडलं.
तारीख, मागणी, होय.
तारीख, मागणी, होय.
फरक येतो. मोठा येतो.
एकट्याला सापडण्यातला नाही.

लिहिता लिहिता हात थांबला.
काठी टेकत मीही गेलो होतो केंद्रावर,
बोटाला शाई लावून आलो होतो,
तुझा जाहीरनामा न वाचता.
पोरगं आपल्या मोंढ्यातलं, एवढ्यावर.
ती रक्कम माझ्या नावे टाकली.

जमलं तर ये एखाद्या रात्री,
गाड्या लांब ठेवून, एकटा.
दिवा असतो.
दोन आकडे लिहून दाखव मला.
तुझा नऊ
अजून एकासारखाच दिसतो का,
तेवढं बघायचंय.