दाभोळ ते धोपावे

मी फेरीबोटीवर तिकिटं फाडतो, अकरा वर्षं झाली.
अर्धं तुमच्या हातात, अर्धं माझ्या.
हॅण्डब्रेक ओढा, इंजिन बंद करा,
हे दिवसातून किती वेळा म्हणतो त्याला हिशोब नाही.
खाडी पंधरा मिनिटांची,
आणि पंधरा मिनिटांत माणूस बऱ्यापैकी कळतो.

मे महिन्यातला रविवार. रांग पार मच्छीबाजारापर्यंत.
एक पांढरी गाडी उजव्या अंगाने सरळ पुढे आली,
जेट्टीच्या उताराला तोंड लावून थांबली.
काच चार बोटं खाली झाली,
एसी बाहेर सांडू नये एवढीच.
“आमचं गुहागरला बुकिंग आहे.”
जसे बाकीचे सगळे पाण्यात जीव द्यायला आलेले.

मी घेतली ती गाडी. खोटं कशाला बोलू?
मागे हॉर्न, वर ऊन, ओहोटी लागलेली,
आणि नाही म्हणायला जो दम लागतो
तो माझा अकरा वाजेपर्यंत संपतो.

इंजिन चालूच ठेवलं त्यांनी.
बाप कठड्याला टेकून व्हिडिओ कॉलवर,
“हा बघ समुद्र!” वाशिष्ठी होती ती.
आईने वेफर्सचं पाकीट पाण्यात सोडलं
बोलता बोलता, केसांवरून हात फिरवावा तसं.
मुलगा सात-आठ वर्षांचा, गॉगल कपाळावर.
पाकीट फुगून उलटं होईपर्यंत बघत राहिला.
मग हातातल्या बाटलीकडे बघितलं. अर्धी भरलेली.
ठसका लागेपर्यंत प्यायला बिचारा,
रिकामी करायची होती ना त्याला.
फेकली. आईपेक्षा लांब.
वळून बघितलं, आईने पाहिलं का.
आई कसला तरी फोटो काढत होती.

हलिमाबी तिच्या नेहमीच्या जागी,
टोपलीत तारली, वर ओलं फडकं.
पोरगं तिच्यापुढे जाऊन उभं राहिलं, हात कमरेवर,
“ए, बाजूला घे ते. गाडीला लागेल.”
आवाज कोवळा, पण सूर
चार बोटं काचेतून आला होता तोच.

बाप वळला. मला वाटलं, आता.
बाप हसला. फोनला म्हणाला, “ऐकलंस? आमचे साहेब!”

हलिमाबीने टोपली पायाशी ओढली.
“ऱ्हाव दे,” असं मला म्हणाली,
मी काही बोललोच नव्हतो तरी.

धोपाव्याला फळी पडली. पांढरी गाडी पहिली सुटली.
मी पचकन पाण्यात थुंकलो, म्हटलं, माजलेत नुसते.
पोराचं काय चुकलं, जसं बघेल तसं करेल,
असलं बरंच काही मनात म्हणत राहिलो,
परतीच्या गाड्या लागेपर्यंत.

सुट्टी म्हणून आर्वी दिवसभर बोटीवरच होती, माझी लेक.
वहीचं पान फाडून तिकिटं केलेली तिने.
मोहल्ल्यातला एक पोरगा सायकल घेऊन चढत होता,
रांगेत पहिलाच होता तो.
आर्वीने हात आडवा धरला, हुबेहूब माझ्यासारखा,
“ए, मागं हो जरा. मोठी गाडी येतेय.”
पोरगा मुकाट मागे झाला.
तिने कागद मधोमध फाडला,
अर्धा त्याला दिला,
अर्धा न बघता खाडीत सोडला.

अकरा वर्षं. दिवसाला किती तिकिटं,
मी आकडा काढायला लागलो आणि सोडून दिला.
मागून कोणीतरी हॉर्न मारला.
“सायकल आधी,” मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने,
आर्वी दचकली.

त्या खेपेची अर्धी तिकिटं मी खिशात कोंबली.
दुसऱ्या दिवशी पॅन्ट धुताना बायको ओरडली,
हा लगदा कसला आणलाय खिशातून?
आर्वी ओट्यावर पाय हलवत बसली होती.
ती माझ्याकडे बघायला लागली.