लॉकर दोनशे बारा

पूर्व फिनलंड, गोठलेल्या तळ्याकाठची कागद गिरणी.
सकाळपासून एकोणतीस जण आले, बसले, गेले.
वाक्य एकच, वकिलाने तपासून दिलेलं;
तेराव्या माणसापाशी
माझ्या तोंडात त्याचा लगदा झाला.

पत्राचा कागद आपलाच, दोन नंबरच्या मशीनवरचा.
वेइक्कोने तो आधी चिमटीत चोळून पाहिला,
मजकूर मागाहून.
'ऐंशी ग्रॅम,' म्हणाला, 'छान उतरलाय.'

मग लॉकरची किल्ली.
सव्वीस वर्षं बोटीच्या किल्लीशेजारी,
एकाच कडीत, गंजून बसलेली.
त्याच्या उजव्या हाताची दोन पेरं नाहीत.
तो अपघाताचा फॉर्म मीच भरला होता,
माझा इथला पहिलाच;
'किरकोळ'च्या चौकोनात खूण केली होती.
वरून तसं सांगितलं होतं.

कडी मीच उचकटायला गेले. नख तुटलं.
'लागलं का गं, आउने?'
आणि खिशातून चिकटपट्टी काढून
त्याने माझं बोट गुंडाळलं,
उरलेल्या पेरांनी, घट्ट.

तो गेला. किल्ली टेबलावर,
अजून कोमट.
बाहेर उणे अठरा, आणि बाकावर बारा जण.
मी दार उघडलं, पुढचं नाव घेतलं,
तो समोर बसला
आणि मला वाक्यच आठवेना.